सॅक किती लिटरची घेऊ? रत्नागिरीत राहून सह्याद्री, आणि मे महिन्यात हिमालय

भाट्येकर
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत असतो, नोकरीतून सुट्टी मिळेल तसा ट्रेक करतो. आत्तापर्यंत कॉलेजच्या बॅगेवर निभावलं पण आता तिचा एक पट्टा गेलाय. डिसेंबरात रसाळगड-सुमारगड-महिपतगड असा तीन दिवसांचा बेत आहे आणि मे महिन्यात ग्रुपबरोबर हिमाचलमधला सार पास. बजेट सगळं मिळून दहा हजाराच्या आत, त्यात सॅक, बूट आणि जमलं तर जॅकेट. इथे प्रवासी बॅगा ढिगानं मिळतात पण ट्रेकिंगची सॅक पाठीवर घालून बघायची म्हटलं तर कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागतं, आणि ऑनलाइन मागवायचा धीर होत नाही. ४५ ची घेऊ की ६० ची? दोन्हीकडे एकच चालेल का? पावसाळ्यात पण वापरणार आहे, ते धरून सांगा.

जगबुडीकाठ
आमच्या खेड तालुक्यात येतोयस तर स्वागत. लिटरचं नंतर बघू. आधी घरी खाटेवर सगळं सामान मांड, जे खरंच नेणार तेवढंच, आणि त्यातलं काय काय पायथ्याच्या गावात मिळतं ते बाजूला काढ. या तिन्ही गडांच्या खाली वाड्या आहेत, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की तांदळाची भाकरी, पिठलं, भात-आमटी मिळते, त्या घराला चार पैसे मिळतात आणि तुझ्या पाठीवरचा स्टोव्ह, भांडी, शिधा सगळं उतरतं, दोन-तीन किलो तर सहज गेले. रसाळगडावर झोलाईच्या देवळात मुक्काम होतो म्हणजे तंबू नको. मग उरलं काय? कॅरीमॅट, पातळ स्लीपिंग बॅग नाहीतर चादर आणि शाल, एक जोड कपडे, टॉर्च, औषधं, सुका खाऊ, पाणी. हे ४०-४५ लिटरमध्ये आरामात बसतं. ६० ची घेतलीस की ती भरणारच, रिकामी जागा दिसली की आई अजून एक डबा कोंबते, हे घरोघरी तेच.

पाण्यात मात्र काटकसर नको. एक लिटर म्हणजे एक किलो हे खरं, तरी डिसेंबरात माणशी तीन लिटर आणि मार्चनंतर चार. सुमारगडाकडे फारसं कोणी जात नाही, दाट जंगलात वाट मोडलेली असते, वाटाड्या घेच. वाटाड्याशिवाय गेलात आणि दुपारी दोन वाजता झुडपात फिरत बसलात तर सॅक कुठल्या कंपनीची हा विषय डोक्यातनं आपोआप जातो.

वाशिष्ठीतीर
जगबुडी म्हणतात ते बरोबर पण लिटरच्याही आधी पाठ मोजायची, हे आपल्याकडे कोणी करतच नाही. मान पुढे झुकवली की मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथून खाली कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवल्यावर अंगठे जिथे मागे मणक्यावर भिडतात तिथपर्यंत, शिंप्याच्या टेपनं, दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यायचं. ही तुझ्या पाठीची लांबी. उंचीवरून ती कळत नाही, आमच्यातला एक जण सहा फूट आहे आणि त्याची पाठ माझ्याएवढीच, बाकी सगळे पाय. सॅक ऑनलाइन बघताना हे माप दिलेलं असेल किंवा पाठ वरखाली सरकवता येत असेल तरच पुढे बघ.

कारण सगळा खेळ कमरेच्या पट्ट्याचा आहे. पट्टा बरोबर बसला तर वजनाचा मोठा भाग, म्हणजे चारातले तीन हिस्से म्हण, कमरेवर उतरतो आणि खांद्यावर फक्त सॅक तोलायचं काम राहतं. सॅक पाठीला लांब पडली की पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली सरकतो, मग पूर्ण ओझं खांद्यावर, आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

घालायची पण पद्धत आहे. सगळे पट्टे आधी सैल सोडायचे. मग कमरेचा पट्टा, पोटावर नाही, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी येईल असा आवळायचा. मग खांद्याचे. मग खांद्याच्या वरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात ते थोडे ओढायचे, त्यानं सॅक मागे न लोंबता अंगाला चिकटते. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी आणि श्वास अडेल इतका घट्ट नाही. बरेच लोक पहिल्यांदा खांद्याचेच आवळतात आणि कमरेचा शोभेला ठेवतात.

दुकानात जाताना ५-५ किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन जा. लाजायचं नाही. रिकामी सॅक सगळ्यांना छानच बसते. तांदूळ भरून दुकानात पंधरा-वीस मिनिटं फिर, जिना असेल तर चढ-उतर कर, वाकून बुटाची नाडी बांध. कुठे घासतंय ते तिथेच कळतं.

कुडाळचो_झिल
तांदूळ घेवन कोल्हापुराक?? दुकानवालो इचारतलो, विकूक इलास की घेवक?

वाशिष्ठीतीर
विचारू दे की, १० किलो इंद्रायणी बघून चहा पण पाजेल.

आसूदबाग
बायकांसाठी एक भर घालते. आमच्या पाठी साधारण आखूड, खांदे अरुंद, आणि दुकानात ६० लिटरच्या ज्या सगळ्यांसाठी म्हणून असतात त्या बहुतेक लांब पडतात. खांद्याचे पट्टे छातीवर नको तिथे रुततात आणि कमरेचा पट्टा हाडावर न बसता घसरतो. बायकांसाठी वेगळ्या बनवलेल्या सॅक येतात, त्यात पट्ट्यांचा आकार वेगळा असतो, रंग गुलाबी म्हणून हसू नका. नाही मिळाली तर पाठ सरकवता येणारी घ्या. आणि भाट्येकर, ग्रुपमध्ये मुली असतील तर औषधांच्या पिशवीत सॅनिटरी नॅपकिन आणि वापरलेले परत आणायला झिपची पिशवी ठेवा, हे कुठल्याच यादीत नसतं.

कुडाळचो_झिल
आता गंभीरपणे. पावसाळ्याचं विचारलंत ना, रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका. कव्हर फक्त बाहेरून असतं, पाठीकडची बाजू उघडीच. पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून सॅकमध्ये, आणि शेवटी कव्हरच्याच तळाला साठून राहतं. मी तुमका एकच सांगतंय, खताची पिशवी. युरियाच्या गोणीत आतून जी जाड प्लास्टिकची पिशवी असता ती. दोनदा चांगली धुवायची, सुकवायची, सॅकमध्ये आत घालायची आणि सगळं सामान तिच्यात. तोंड पिळून दुमडून रबर लावायचं. आंबोलीच्या पावसात, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटर वगैरे पडतो, तिथे पण आतले कपडे सुके राहतात. फुकटात काम. रेनकव्हर वाटलं तर चिखलासाठी लावा.

कोथरूड_व्हाया_गुहागर
खताच्या पिशवीला दुजोरा, फक्त धुवायचं खरंच मनावर घ्या, वास राहतो. बाजारात ड्राय बॅग मिळतात त्या याच कामाच्या, त्यातली एक छोटी मोबाईल आणि औषधांसाठी घ्या.

पण जॅकेटवर थोडं बोलू दे कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे वाया जातात. वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल म्हणून जे महाग जॅकेट विकतात ते थंड देशात भारी चालतं. आतली वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी लागते. आपल्याकडे जुलैत बाहेर २५ अंश आणि दमटपणा शंभरच्या जवळ, वाफ जाणार कुठे? चढावर अर्ध्या तासात आतून घामानं तेवढेच भिजता जेवढे पावसानं भिजला असतात. म्हणून कोकणातल्या पावसासाठी महाग जॅकेट घेऊ नका. साधं पातळ विंडचीटर आणि लवकर सुकणारा टीशर्ट, फुटबॉलवाले घालतात तसा. भिजायचं, चालत राहायचं, मुक्कामी सुके कपडे घालायचे. चांगलं जॅकेट सार पासला लागेल, तिथे १३,८०० फुटांच्या आसपास वारा आणि बर्फ आहे, तिथे ते पूर्ण पैसे वसूल करतं.

जगबुडीकाठ
छत्री.

कोथरूड_व्हाया_गुहागर
काका, धारेवर छत्री??

जगबुडीकाठ
धारेवर नाही रे बाबा. गावातून पायथ्यापर्यंत, जंगलातल्या रुंद वाटेनं, देवळाबाहेर उभं राहून. आमच्याकडे माणसं इरलं पांघरून दिवसभर भात लावायची, वारा खेळता राहतो म्हणून घाम नाही. छत्रीचंही तेच तत्त्व. कातळावर हात लागणार असतील किंवा वारा असेल तिथे मिटून सॅकला अडकवायची. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा तो सैल रेनकोट, मला अजिबात पसंत नाही, करवंदीच्या जाळीत अडकतो आणि उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत.

कोथरूड_व्हाया_गुहागर
पोंचोबद्दल सहमत. छत्रीबद्दल नाही. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, विषय संपला.

जगबुडीकाठ
संपला तर संपला. मी नेणार.

सडा_आणि_कातळ
राजापूर. सगळे सॅकवर बोलतायत, बुटावर कोणीच नाही, आणि माणूस पडतो तो बुटामुळे. आपल्याकडे दोन प्रकारचा दगड, वर घाटात काळा बेसाल्ट आणि खाली सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जांभा. कोरड्या जांभ्यावर कुठलाही बूट धरतो कारण तो खरखरीत आहे, पण पावसात त्याच्यावर जे हिरवं-काळं शेवाळ येतं त्याच्यावर कुठलाच बूट पूर्ण धरत नाही, दुकानदार काहीही सांगो. तिथे पाऊल सपाट टाकायचं आणि छोटं टाकायचं, हाच उपाय. ओल्या बेसाल्टवर मऊ रबराचा तळ बरा. कडक प्लास्टिकसारखा तळ असलेले दणकट दिसणारे बूट सगळ्यात जास्त घसरतात. दुकानात नखानं दाबून बघा, नख थोडं रुतलं पाहिजे.

वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात नको. ओढ्यात पाणी वरून आत जाणारच आणि मग ते बाहेर येत नाही, दिवसभर पायात डबकं घेऊन चाला. जाळीचे, पाणी निथळणारे बरे. हिमालयात बर्फासाठी वॉटरप्रूफ घ्या, तिकडचं गणित वेगळं.

माप घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकचे जाड मोजे घालूनच बघा, आणि उतारावर उभं राहिल्यासारखं टाच उचलून पुढे दाब द्या, अंगठा टोकाला लागला तर एक नंबर मोठा. नाहीतर महिपतगड उतरताना नखं काळी.

आता जे कोकणातल्या माणसाला माहीत पाहिजेच ते. बऱ्याच बुटांच्या तळाच्या मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो. दमट हवेत तो नुसता पडून राहून आतल्या आत कुजतो, वापरला नाही तर जास्तच. वरून बूट नवा दिसतो आणि ट्रेकच्या दिवशी तासाभरात तळ पावासारखा भुगा होऊन निघून येतो. आमच्या ग्रुपमध्ये एकाला परतीला पूर्ण वाट सुतळीनं बांधलेल्या बुटात चालावं लागलं. म्हणून जुने बूट काढले की निघायच्या आठवडाभर आधी तळ अंगठ्यानं दाबा, बूट दोन्ही हातांनी वाकवा, बारीक चिरा दिसल्या की तो बूट बागेत कामाला. नवीन बूट असला तरी मोच्याकडून तळाला कडेनं टाके मारून घ्या, पन्नास-शंभर रुपयाचं काम आहे. आणि सॅकमध्ये सुतळी हवीच.

भाट्येकर
बापरे, हे माहीतच नव्हतं. सॅकचं पण असं होतं का? कारण घरी एक जुना तंबू आहे तो आतून चिकट झालाय आणि आंबूस वास मारतो.

सडा_आणि_कातळ
तेच ते. कापडाच्या आतून पाणी अडवायला जो पीयूचा, म्हणजे त्याच पॉलीयुरेथेनचा, लेप असतो तो हवेतल्या ओलाव्यानं सुटतो. आधी चिकट होतो, मग पापुद्रे. एकदा सुरू झालं की धुऊन जात नाही. तंबू गेला, सावलीसाठी वापर. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, चार महिने घरातली भिंत पण ओली असते, तिथे सॅक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकली की दोन-तीन पावसाळ्यांत तिची वाट लागते. डोंगरात कमी आणि माळ्यावर जास्त सॅक मरतात आपल्याकडे.

आसूदबाग
मग ठेवायची कुठे? आमच्याकडे जूनमध्ये चामड्याच्या चपलेवर पण बुरशी येते.

सडा_आणि_कातळ
माणसं वावरतात त्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात, खुंटीला टांगून, सगळे कप्पे आणि झिपा उघड्या. प्लास्टिकमध्ये नाही. ट्रेकहून आल्यावर कोमट पाण्यानं आणि अगदी कमी साबणानं पुसायची, वॉशिंग मशीनमध्ये टाकायची नाही, सावलीत सुकवायची कारण कडक उन्हानं नायलॉन पण सडतं. समुद्राकाठी किंवा जलदुर्गावर नेली असेल तर गोड्या पाण्यानं झिपा धुवायच्याच. खाऱ्या हवेनं झिपेचा सरकता भाग गंजून अडकतो. सुकल्यावर झिपेच्या दातांवर मेणबत्ती घासा, दोन वेळा उघडझाप करा, लोण्यासारखी चालते. स्लीपिंग बॅग पण दाबून भरून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत मोकळी ठेवा, नाहीतर आतला कापूस बसतो आणि ऊब जाते.

कुडाळचो_झिल
आणि पट्टा, बकल गेलं म्हणून सॅक टाकू नका. रिक्षाचे हूड शिवणारा असतो ना, त्याच्याकडे जाडा दोरा आणि दणकट मशीन असतं, बॅगवाल्यापेक्षा मजबूत शिवून देतो.

महाडची_ताई
आरोग्य खात्यात काम करते म्हणून औषधांचं बोलते. क्रेप बँडेज, पट्ट्या, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, आणि स्वतःची रोजची औषधं. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेक एक लिटरचं असतं, अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकम सरबत छान आहे पण जुलाब लागले तर ओआरएसच.

पावसाळ्यात जळवा असतात, त्यासाठी मिठाची पुडी किंवा तंबाखूचं पाणी, मोजे पँटवर ओढून. पायाला जखम असेल तर भातखाचरातून जाताना झाकून घ्या, लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप, आपल्याकडे दरवर्षी होतो. आणि फुरसं, विषारी साप. लहान असतं, दगडाच्या कडेला पडून राहतं आणि घोट्याला चावतं. घोट्याच्या वर जाणारा बूट, पूर्ण पँट, अंधारात टॉर्च, दगड उचलताना बघून. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, हालचाल कमी आणि सरळ सरकारी दवाखाना, विषावरचं इंजेक्शन तिथेच आहे.

मुक्कामी सकाळी बूट झटकल्याशिवाय घालू नका, विंचू आत बसतो. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्य घालवलं या लाल विंचवाच्या दंशावर, प्राझोसिन हे औषध त्यांच्यामुळे सगळीकडे पोचलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. पूर्वी कोकणात या विंचवानं माणसं पटापट जायची. आता उपचार आहे, पण वेळेत पोचायला पाहिजे. म्हणून ग्रुपमध्ये एकाकडे तरी चार्ज असलेला फोन आणि पायथ्याच्या गावातल्या कोणाचा तरी नंबर कागदावर लिहिलेला.

भाट्येकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री खाटेवर सामान मांडून वजन केलं, तीन लिटर पाणी धरून साडेतेरा किलो भरलं. माझं वजन ६२. यात जीन्स एक, टॉवेल मोठा, पॉवरबँक दोन, ब्लूटूथ स्पीकर, डिओ, दोरी १५ मीटर, चाकू, बिस्किटांचे पुडे बरेच.

वाशिष्ठीतीर
अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको, तुझं ते साडेबारा, आणि ते पण हिमालयासारख्या लांब ट्रेकला. इथे नऊ-दहाला आण. जीन्स काढ, भिजली की दोन दिवस सुकत नाही आणि चालताना मांड्या सोलते. टॉवेलच्या जागी पंचा. पॉवरबँक एक. स्पीकर घरी ठेव, जंगलात आवाज नको आणि डिओ तर नकोच, आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली वासानं माश्या उठतात.

जगबुडीकाठ
दोरी वापरता येते का तुला? गाठ मारता येते, कोणाला वरून धरता येतं? नसेल तर ती काढ. शिकलेला माणूस बरोबर असेल तर तो स्वतःची आणेल. दोरी आहे म्हणून नको त्या कातळावर चढणारे बघितलेत.

वाशिष्ठीतीर
भरताना जड वस्तू, म्हणजे पाणी, खाऊ, पाठीला चिकटून आणि साधारण खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. तळाला स्लीपिंग बॅग, कपडे. टॉर्च, औषधं, विंडचीटर सगळ्यात वर. कॅरीमॅट बाहेर आडवी लावू नको, झाडीत अडकून तू मागे खेचला जातोस. उभी बांध, नाहीतर गुंडाळी सैल करून सॅकच्या आत भिंतीसारखी लाव आणि मध्ये सामान भर.

कोथरूड_व्हाया_गुहागर
माझं मत ५० लिटर, पाठ सरकवता येणारी, रिकामी दोन किलोच्या आत. बाजूचे आवळायचे पट्टे असतील तर छोट्या ट्रेकला दाबून ४० ची होते. सार पासला तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुतेक आयोजकच देतात, त्यांची यादी आधी मागव, मग ५० मध्ये थर्मल, फ्लीस, जॅकेट सगळं बसतं.

जगबुडीकाठ
मी अजून ४५ म्हणतो. हिमालयासाठी मोठी पुण्या-मुंबईत भाड्यानं मिळते, आठवड्यासाठी कशाला घरात सांभाळायची, तेही आपल्या हवेत.

भाट्येकर
शनिवारी कोल्हापूरला जातोय, आंबा घाटातून, सोबत १० किलो तांदूळ. ४५ आणि ५० दोन्ही घालून बघतो आणि पाठीला जी बसेल ती. बूट तिथेच संध्याकाळी. जॅकेट आत्ता घेत नाही, एप्रिलमध्ये बघू. स्पीकर काढला, दोरी काढली, जीन्स काढली, वजन साडेदहावर आलंय. बिस्किटं आई काढू देत नाहीये.

आसूदबाग
डिसेंबरच्या ट्रेकला जागा आहे का? आम्ही दोघी आहोत दापोलीहून, दोघींना गडांची सवय आहे.

भाट्येकर
आहे ताई, सहा जण झालोत, आठपर्यंत नेणार. वाटाड्याचं जगबुडीकाठ काका बघतायत. कॅरीमॅट मात्र आपापली आणा, माझ्याकडे जादा नाही.

जगबुडीकाठ
आठ म्हणजे आठच, नववा नको. देवळात जागा होईल पण जेवण करणाऱ्या घराला आठांचंच सांगणार आहे. आणि कोणाला वांगं चालत नसेल तर आत्ताच बोला.